हातातले जुने यंत्र आणि व्यापाऱ्याची वही

संघाच्या स्मरणिकेत आजवर आम्ही धान्याचे भाव, बारदानाची टंचाई, अडतीचे दर अशा विषयांवर काही ना काही लिहीत आलो. यंदाचा विषय निराळा आहे व तो वाचून काही बंधूंना हसू येण्याचा संभव आहे. दुकानोदुकानी कपाटात पडून असलेली जुनी, मजबूत बांधणीची हातसंगणक-यंत्रे भंगारात घालू नयेत. ती दुरुस्त करावीत, वाचावीत व जमेल तेथे वापरावीत, असे आमचे मत आहे. हे मत हौसेपोटी बनलेले नाही. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीने ते आम्हांस शिकविले.

तरुण वाचकांनी ही यंत्रे पाहिली नसतील, म्हणून थोडे वर्णन करतो. लंडनच्या सायऑन कंपनीने १९८४ साली ऑर्गनायझर नावाचे मुठीत धरण्याजोगे यंत्र काढले व १९८६ साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती बाजारात आणली. तिला नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी पुरे. ३६ कळा, सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारा पडदा आणि वरून सरकणारे जाड प्लास्टिकचे आवरण, एवढाच तिचा संसार. इंग्लंडमधील मार्क्स अँड स्पेन्सर या प्रसिद्ध दुकानांतूनही ती कामास लावली गेली. त्याच दशकात कॉव्हेंट्री येथे हस्की हंटर नावाचे, धातूच्या बंद पेटीतले यंत्र बनत असे. पावसाचिखलात उभे राहून काम करणाऱ्या सर्वेक्षकांसाठी व सैनिकांसाठी ते होते. ही यंत्रे दिवाणखान्यासाठी घडविलेली नव्हती. धूळ, धक्के आणि घाई गृहीत धरून ती घडविली होती.

असे एक ऑर्गनायझर १९८९ साली आमचे मेहुणे इंग्लंडहून येताना घेऊन आले. त्या वेळी आम्ही तिशीत होतो व बेळगावच्या रविवार पेठेत वडिलांच्या हाताखाली काट्यावर उभे राहत असू. तोलाराने वजन पुकारावे व आम्ही ते चिठ्ठीवर टिपावे, अशी रीत होती. पावसाळ्यात चिठ्ठ्या भिजत, शाई फुटे, आणि संध्याकाळी पट्टी करताना वाद होत. यंत्र आल्यावर प्रत्येक पोत्याचे वजन आम्ही कळा दाबून नोंदवू लागलो. देवनागरी त्यास येत नसे, म्हणून शेतकऱ्यांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहावी लागत. वडिलांना ते पसंत नव्हते. “वहीत आल्याशिवाय व्यवहार झाला असे मी मानणार नाही,” असे ते म्हणत. म्हणून रात्री यंत्रातील नोंदी पक्क्या वहीत उतरवावयाच्या व मग यंत्रातून त्या पुसावयाच्या, असा शिरस्ता पडला. १९९८ साली पेढीवर मोठा संगणक आला आणि हे यंत्र, बॅटरीसह, कपाटात गेले.

ते पुन्हा हाती आले २०२२ च्या दिवाळीपूर्व साफसफाईत. बॅटरी फुटून तिचे क्षार पितळी पट्ट्यांवर चढले होते. मुलगा म्हणाला, “बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका.” अभियांत्रिकी शिकणारा नातू मात्र ते घेऊन बसला. त्याने कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून पट्ट्यांवरचे क्षार काढले, मग स्पिरिटने पुसून एक दिवस वाळू दिले. कळांखालचा धुरळा काढला. नवी बॅटरी, उलटसुलट होणार नाही याची खात्री करून, बसविली. पडदा उजळला तेव्हा आमचा ऊर भरून आला, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच नाही.

यंत्राच्या अंगच्या स्मृतीत काहीच उरले नव्हते, कारण ती बॅटरीच्या आधारावरच टिकते. परंतु पाठीमागच्या खाचेत ३२ किलोबाइटचा एक डेटापॅक बसविलेला होता. त्यातील ईप्रॉम ही स्मृती विजेवाचूनही राहते, आणि तिचा एक गुण असा की, लिहिलेले अक्षर केवळ तीव्र अतिनील प्रकाशाखालीच खरोखर नाहीसे होते. यंत्रावर ‘इरेझ’ हा पर्याय निवडला म्हणजे नोंदीवर ‘रद्द’ अशी खूण मात्र होते. नोंद पडद्यावर दिसेनाशी होते, पण जागेवर तशीच राहते. नातवाने सर्व बाइट जसेच्या तसे वाचणारी एक लहानशी जोडणी तयार केली व रद्द केलेल्या नोंदीही कागदावर उतरविल्या.

त्या कागदांवर १९९६ सालची एक नोंद होती. खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याची भाताची अकरा पोती, प्रत्येकाचे वजन, आणि शेवटी त्याने आमच्याकडे ठेव म्हणून ठेवलेले ३,८४० रुपये. जुन्या वह्या काढून आम्ही तो महिना तीन वेळा वाचला. अकरा पोती होती, ठेव नव्हती. वहीत उतरविण्यापूर्वीच आम्ही ती पुसली होती, आणि पुढे दोघेही विसरलो. तो गृहस्थ हयात नव्हता. त्याच्या मुलाकडे जाऊन आम्ही मुद्दल व सरळ व्याज पुढे केले, तेव्हा तो घेईना. न मागितलेले पैसे कशाचे, असा त्याचा रास्त प्रश्न होता. अखेर पोत्यागणिक वजनांचा तो कागद दाखविला. वडिलांच्या हातची पट्टी त्याच्या घरी जपून ठेवलेली होती. आकडे जुळले, मग त्याने पैसे घेतले.

यावरून जे मत बनले ते असे. आमच्या पूर्वजांच्या वहीत चुकलेली रक्कम खोडीत, खरवडून काढीत नसत. खोडलेल्या रेघेखाली जुना आकडा वाचता येई. वहीची पत होती ती यामुळे. त्या लहान यंत्राच्या स्मृतीत, घडविणाऱ्यांनी कदाचित निराळ्या कारणाने, तोच गुण उतरला होता. सांप्रत कायद्यालाही तेच पटले आहे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे असा नियम लागू आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढ्या कंपन्या नाहीत, म्हणून हा नियम आपणांस लागत नाही. तथापि कायदा लागत नाही म्हणून नीतीही लागत नाही, असे थोडेच आहे!

कोणी म्हणेल, मोबाइलवर सर्व होते, मग हा खटाटोप कशाला? जीएसटीची विवरणपत्रे व पैशांची देवघेव यांसाठी मोबाइल व मोठा संगणकच हवा. त्या यंत्राने ते होणार नाही, आणि तसा आमचा आग्रहही नाही. तथापि गोदामात काट्यावर आम्ही आजही तेच वापरतो. धुळीने भरलेल्या बोटांना त्याच्या कळा कळतात, मधेच कोणाचा फोन येत नाही, नेटवर्क गेले म्हणून काटा थांबत नाही. मुख्य म्हणजे ते बिघडले तर चार स्क्रू काढून आत पाहता येते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी खास संकेतस्थळ उघडले, यावरून उघडता न येणाऱ्या वस्तूंचा जाच किती वाढला आहे, हे ध्यानी यावे.

म्हणून बंधूंना तीन गोष्टी सुचवितो. पहिली: असे कोणतेही यंत्र कपाटात असेल तर आजच त्यातील बॅटरी बाहेर काढा, काळापेक्षा तीच यंत्राचा अधिक घात करते. दुसरी: भंगाराचा विचार करण्यापूर्वी त्यातील स्मृती जाणत्या माणसाकडून वाचवून घ्या व कागदावर उतरवा. ईप्रॉममधील भारही वर्षानुवर्षे हळूहळू ओसरतो, तेव्हा विलंब करू नये. तिसरी: दुरुस्ती अशक्यच ठरली तर ते रद्दीवाल्याच्या पोत्यात न टाकता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या.

आणि यंत्र जुने असो की नवे, रात्री पक्की वही लिहून होईपर्यंत काही पुसू नये. वडील हे सांगत होते तेव्हा आम्ही त्यांना जुन्या चालीचे समजत होतो. ते ३,८४० रुपये सव्वीस वर्षे आमच्या पेढीत परक्याचे म्हणून पडून होते, आणि दर पाडव्याला आम्ही वहीपूजन करीत होतो.