गदा एक, मग जमीन एकाच्याच ओळखीची का?



महाराष्ट्र केसरीच्या गदेपर्यंत दोन वाटांनी जाता येतं, एक गादीची आणि एक मातीची. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी गदेसाठी समोरासमोर येतात. इथवर कुणाची तक्रार नाही. पण ती शेवटची कुस्ती होते गादीवर. एक पैलवान ज्या जमिनीवर लढत लढत वर आला, त्याच जमिनीवर उभा राहतो. दुसरा आधीच्या कुस्तीपर्यंत अनवाणी पायांनी मातीत लढलेला असतो. तो पाय धुतो, बूट चढवतो आणि परक्या अंगणात उतरतो. राज्यातली सगळ्यात मानाची कुस्ती अशी सुरू होते आणि त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. म्हणून हे पत्रक.

ज्यांनी अंगाला माती लावलेली नाही त्यांना वाटतं, जमिनीनं काय फरक पडतो, ताकद ती ताकद. फरक फार पडतो. मातीच्या हौद्यात पाय रुततो. पट काढायला झेपावताना पहिलं पाऊल मातीत अर्धं मुरतं, म्हणून मातीतला पैलवान हाताची पकड, मानेची ताकद आणि दम यांवर कुस्ती बांधतो. घाम आला की मूठभर माती घेतो, स्वतःच्या आणि समोरच्याच्या अंगाला लावतो, आणि निसटलेली पकड पुन्हा बसते. गादीवर हे काही नाही. तिथे बुटाचा तळवा चिकटतो, वेग दुप्पट होतो, घामानं निसटलेला हात निसटलेलाच राहतो. शिवाय ९ मीटरचं वर्तुळ आणि त्याच्या कडेचा १ मीटरचा लाल पट्टा. त्याच्या बाहेर पाय पडला की समोरच्याला गुण. कड डोळ्यांनी न बघता नुसत्या पायाला कळायला हवी, आणि ती अशी कळायला वर्षं जातात.

मी तालमीत होतो तेव्हा आमच्याकडे गादी नव्हती. एका निवड चाचणीला गेलो, तिथे कळलं की कुस्त्या गादीवर आहेत. बूट एका मित्राचे मागून घेतले, ते एक नंबर मोठे. ज्याच्याशी हरलो तो माझ्यापेक्षा चांगलाही असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी त्याच्याशी लढलोच नाही. मी बुटांशी आणि गादीशी लढलो. तीस वर्षं झाली, अजून तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही.

हा प्रश्न सोलापूरनं मांडायचा नाही तर कुणी मांडायचा? आपल्या बोरामणीच्या एकाच घरानं तीन महाराष्ट्र केसरी दिले : १९८० ला इस्माईल शेख, १९९२ ला आप्पालाल शेख, २००२ ला मुन्नालाल शेख. जानेवारी २०२३ मध्ये इकडे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते आणि तिकडे पुण्यात माती विभागाच्या निर्णायक कुस्तीत दोन्ही बाजूंना आपलीच पोरं होती, मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड. बाहेरली टांग हा डाव लागला की नाही, त्याला ४ गुण द्यायचे की नाही, यावरून राज्यभर वाद पेटला. महिनाभर लोक तेवढंच बोलत होते. पण ती कुस्ती जिंकून महेंद्र गादी विभागाचा विजेता शिवराज राक्षेसमोर उभा राहिला तो कुठल्या जमिनीवर, हे कुणी विचारलं नाही. शिवराजनं त्याला चीतपट केलं आणि त्याचा विजय निर्विवाद आहे. आमचं भांडण जिंकणाऱ्याशी नाही, ज्या नियमानं दोघांना उभं केलं त्याच्याशी आहे.

लगेच कुणी म्हणेल, त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदरनं मातीतून येऊन त्याच शिवराजला हरवलं, २०१८ ला जालन्यात आपल्या करमाळ्याकडच्या बाला रफिक शेखनंही मातीतून येऊनच गदा घेतली, मग अन्याय कसला? हे उत्तर मला पटत नाही. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडला. मोठ्या तालमीत दोन्हीकडचा सराव मिळतो. ज्या गावात गादीच नाही तिथल्या पोरानं काय करायचं? आणि मुळात, उलट्या वाऱ्यात पोहून कुणी पैलतीर गाठला म्हणून वारा नव्हताच असं कसं म्हणता येईल?

दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. ऑलिंपिक गादीवर होतं, जग गादीवर गेलं, आपली पोरं तिकडेच वळली पाहिजेत. हे खरं आहे. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना गादीची सवय नव्हती, सारी कुस्ती मातीतली. ते सहावे आले. मग चार वर्षं त्यांनी त्या जमिनीची तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गादी शिकावीच लागते, हे यातून दिसतंच. पण आणखी एक गोष्ट दिसते : खाशाबांसारख्या माणसालाही जमीन ओळखायला चार वर्षं लागली. आपण मातीच्या विजेत्याला त्यासाठी किती वेळ देतो? ऑलिंपिकसाठीच स्पर्धा घ्यायची असेल तर माती विभाग बंद करून तसं उघड सांगा, आम्ही त्याविरुद्ध वेगळं पत्रक काढू. पण माती विभाग ठेवायचा, त्याच्या नावावर गावोगावची गर्दी जमवायची आणि शेवटी त्याच्या विजेत्याला परक्या जमिनीवर उभं करायचं, हे चालणार नाही.

बाकीचे खेळ हा प्रश्न कसा सोडवतात, तेही बघा. टेनपिन बॉलिंग नावाचा खेळ आहे, गुळगुळीत लाकडी किंवा कृत्रिम पट्टीवरून जड चेंडू सोडून दहा पिना पाडायच्या. त्या ६० फुटी पट्टीवर तेलाचा थर दिलेला असतो. तो डोळ्यांना नीट दिसत नाही, पण चेंडू कुठे घसरेल आणि कुठे वळेल हे तोच ठरवतो. खेळ चालू असताना चेंडूंबरोबर तेल सरकतं, पट्टी बदलत जाते. म्हणून मोठ्या स्पर्धांत तेल किती लांबीपर्यंत आणि कसं दिलंय याचा आराखडा खेळाडूंना आधी कळवतात. आणि दोघं खेळाडू दोन शेजारच्या पट्ट्यांवर आळीपाळीनं टाकतात, एकदा इथे, एकदा तिथे. पट्टी वाईट असेल तर दोघांनाही वाईट.

टेनिसमध्ये राफेल नदाल मातीचा राजा, रॉजर फेडरर गवताचा. २ मे २००७ ला स्पेनमधल्या पाल्मा दे मायोर्कामध्ये दोघांसाठी अर्धं गवत आणि अर्धी माती असं मैदान केलं. बाजू बदलली की बूट बदलायचे. सामना नदालनं ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला. तो प्रदर्शनी सामना होता. पण श्रेष्ठ कोण हे ठरवायचं असेल तर दोघांच्याही जमिनीवर ठरवा, एवढी साधी गोष्ट तिथल्या लोकांना सुचली.

कुस्तीत अर्धा वेळ मातीत आणि अर्धा गादीवर असं करता येणार नाही. मातीनं भरलेलं अंग घेऊन गादीवर गेलं तर गादी निसरडी होईल आणि कुणाचा तरी गुडघा जाईल. शिवाय पहिल्याच अर्ध्यात कुणी चीत झाला तर दुसरी जमीन आलीच नाही. म्हणून आमची मागणी अशी की गदेसाठी दोन कुस्त्या व्हाव्यात, एक गादीवर, एक मातीत, आणि मध्ये किमान एका रात्रीची विश्रांती. दोन्ही एकानंच जिंकल्या तर गदा त्याची. एकेक झाली तर तिसरी, आणि तिची जमीन भर मैदानात, दोघांच्या वस्तादांसमोर चिठ्ठी काढून ठरवायची. एक दिवस जास्त लागेल. लागू दे. ज्या गदेसाठी पोरं दहा-बारा वर्षं तालमीत घालवतात, तिला एक दिवस जड नाही.

मातीबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळी माती सारखी नसते. आपला जिल्हा काळ्या मातीचा, तालमीतली लाल माती आपण बाहेरून आणतो. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर पडतो आणि रोज उकरून ती मऊ ठेवावी लागते. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी झालं तर ढेकळं, आणि खोली कमी असेल तर पाठ खाली आदळते. आज हौदा कुणी भरला, किती खोल, कधी उकरला, हे पैलवानाला आत उतरल्यावर पायांनी कळतं. ते आदल्या दिवशी कळलं पाहिजे. खोली आणि ओल यांचा एक ठरलेला नियम हवा, तो लेखी हवा, आणि माती विभागातल्या प्रत्येक पैलवानाला आदल्या संध्याकाळी त्या हौद्यात उतरून बघायची मुभा हवी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. निकालावरून शिवराजनं पंचांना लाथ मारली, महेंद्रनं अंतिम कुस्ती अर्ध्यावर सोडली, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर पाय उचलणं चूकच, त्याचं समर्थन आम्ही करणार नाही. पण नियमांवरचा विश्वास उडत चालल्याची ही खूण आहे. तो परत आणायचा असेल तर पंचाच्या शिट्टीपर्यंत थांबून भागणार नाही. पैलवानाच्या पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात करावी लागेल.

स्पर्धा कुठलीही संघटना भरवो, आमची मागणी बदलणार नाही. मोहोळ, मंगळवेढा, करमाळा, बार्शी, माळशिरस, पंढरपूर, सगळ्या तालुक्यांतल्या वस्तादांना विनंती आहे की हे पत्रक तालमीच्या दारावर लावा, पोरांना वाचून दाखवा आणि जिल्हा निवड चाचणीच्या दिवशी आयोजकांच्या हातात हीच मागणी स्वतःच्या सहीनं द्या. ज्या तालमीत गादी नाही तिथल्या वस्तादांनी तर पहिली सही करावी.

आपला,
तालमीत वाढलेला एक सोलापूरकर