काट्याचा मीटर

कन्नडच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एखादं जुनं दुकान सापडलं, तर टेबलावर काळी पेटी दिसते का बघा. वर काच, काचेखाली अर्धगोल पट्टी, तिच्यावर बारीक काटा. दोन वायरी, एक लाल, एक काळी. हा मल्टिमीटर. इंग्लंडमध्ये १९२३ साली 'ॲव्हो' नावाचा असा मीटर आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं म्हणजे ॲव्हो! आपल्याकडे कारागिरांच्या हाती नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मीटर असत. (हीच मोटवाने मंडळी 'शिकागो रेडिओ' या नावानं स्वातंत्र्यचळवळीतल्या सभांना लाउडस्पीकर पुरवत.)

पेटीच्या आत लोहचुंबक आणि त्याच्यामध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं. वीज वाहिली की वेटोळं वळतं, काटा सरकतो. वीज थांबली की नाजूक स्प्रिंग त्याला मागे आणते.

गंमत आहे ती ओहमच्या पट्टीची. तिचं शून्य उजवीकडे! "बाई, छापताना चुकलं का?" असं वर्गातल्या एका मुलीनं विचारलं. चुकलं नाही गं. विजेला होणारा अडथळा मोजताना मीटर स्वतःच्या पोटातल्या सेलची वीज बाहेर पाठवतो. अडथळा नसला की भरपूर वीज, काटा थेट उजव्या टोकाला. वायर तुटलेली असली की काटा जागचा हलतच नाही.

मोठा कपॅसिटर तपासताना तर काटा उडी मारतो आणि हळूहळू परत येतो. जाणता कारागीर त्या उडीवरूनच माल चांगला की वाईट ते सांगतो. डिजिटल मीटर अचूक खरा, पण त्याचे आकडे अशा वेळी नुसते पळतात.

एके काळी टीव्ही आपल्याच जिल्ह्यात, चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात बनत. तो बिघडला तर कारागीर एकेक भाग मोजी आणि खराब तेवढा काढून नवा सोल्डर करी. आता भाग तांदळाच्या कणीपेक्षा लहान झाले. मग अख्खा बोर्डच बदलतात, नाहीतर टीव्ही भंगारात. एक कारागीरकाका मला म्हणाले, "बाई, बोर्ड बदला म्हणायला मीटर कशाला लागतो?" त्यांच्या मुलानं मोबाइल दुरुस्ती धरली आहे. काकांकडे आता शेतातल्या मोटारींचे स्टार्टरच जास्त येतात, आणि तिथे काटा अजून उपयोगी पडतो.

दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून केंद्र सरकारनं २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केलं. पण सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळाले तरच त्याचा उपयोग, असं मला वाटतं.

घरी मीटर असेल तर मोठ्यांना सोबत घेऊन खटका डीसी व्होल्टवर ठेवा आणि घड्याळातला जुना सेल मोजा. नवा सेल दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो. तुमचा किती भरला? मात्र मीटरच्या वायरी भिंतीवरच्या प्लगमध्ये कधीही घालू नका. खटका ओहमवर असला तर मीटर जळेल, आणि हाताला झटका बसला तर जिवावर बेतेल.