बेल्ट नवा, आयडलर जुना

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगावच्या बाजार आवाराबाहेर पिकअपच्या रांगा लागतात. त्या दिवसांत खोडद रस्त्यापासून आळेफाट्यापर्यंतच्या गॅरेजांत गिऱ्हाइकाचे एकच म्हणणे असते, ‘बेल्ट टाका आणि सोडा लगेच.’ मिस्त्री बेल्ट टाकतो, गाडी सोडतो. ज्या आयडलरने तो बेल्ट खाल्ला, तो मात्र नव्या बेल्टखाली तसाच फिरत राहतो. थोड्याच दिवसांत गाडी परत येते आणि दोष बेल्टच्या कंपनीला जातो.

या अंकाचा मुख्य विषय आहे सुपरचार्ज्ड इंजिनांचे आयडलर. ‘आमच्याकडे कुठे येतात असल्या गाड्या?’ असे खोडदकडचा वाचक विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. पिकअपचा टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. त्याला बेल्ट लागत नाही. सुपरचार्जर मात्र थेट क्रँकवरून, बेल्टनेच फिरतो. मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर आपल्याकडे विकली गेली. तिच्या १.८ लिटरच्या एम २७१ इंजिनावर असा सुपरचार्जर आहे. पुढे कंपनीने टर्बोची वाट धरली, तरी त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. पहिल्या मालकाने त्या चाकणच्या किंवा पुण्याच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेल्या. तिसरा मालक तुमच्या दारात येणार. शिवाय सुपरचार्जरच्या बेल्टवर जे लवकर आणि ठळकपणे घडते, तेच पिकअपच्या बेल्टवर सावकाश घडत असते. अवघड इंजिनावर नीट शिकलेले काम सोप्या इंजिनावर आपोआप सुधारते.

आयडलरला आपण क्षुल्लक समजतो, कारण तो काहीच चालवत नाही. अल्टरनेटर वीज देतो, वॉटर पंप पाणी फिरवतो, आयडलर नुसता बेल्टला वळण देतो. पण त्याच्यावरचा भार बघा. बेल्ट दोन्ही बाजूंनी त्याला ओढतो. वेढा ६० अंशांचा असेल तर बेअरिंगवर बेल्टच्या ताणाइतकाच भार येतो. वेढा १२० अंशांचा झाला की भार पावणेदोन पट होतो आणि बेल्ट पूर्ण उलटा वळला की दुप्पट. सुपरचार्जर फिरवायला ताकद जास्त लागते, म्हणून मुळात ताणही जास्त ठेवलेला असतो. त्यात कोणी हौशी मालक बूस्ट वाढवण्यासाठी सुपरचार्जरवर लहान पुली बसवून घेतो. मग बेल्ट घसरू नये म्हणून ताण वाढवतात, वेढा वाढवायला जादा आयडलर लावतात. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटते. भार सव्वापट केला की आयुष्य जवळपास निम्मे! गाडी पळते छान, मालक खूश असतो, आणि बिल बेअरिंगच्या खात्यावर चढत असते.

वेगाचे गणितही कागदावर एकदा मांडावे. क्रँकची पुली १६० मिलिमीटरची आणि आयडलर ७० चा असेल, तर इंजिन ६,००० आरपीएमला असताना आयडलर १३,७०० च्या आसपास फिरतो. आता बाजारात सहज मिळणारे ६२०३ बेअरिंग घ्या, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले. चांगल्या कंपनीच्या कॅटलॉगात त्याची वेगमर्यादा साधारण १२,००० आरपीएम दिलेली असते, कारण रबरी सील आतल्या रिंगेवर घासते आणि तापते. पत्र्याचे शील्ड असलेले तेच बेअरिंग बरेच जास्त वेग सोसते, पण धूळ आणि पाणी तितके अडवत नाही. आयडलरसाठी खास बनवलेल्या बेअरिंगमध्ये सील, ग्रीस आणि आतली मोकळीक या तिन्हींचा हिशोब केलेला असतो. म्हणून ‘आतलं बेअरिंग मारून देतो, पुली कशाला बदलायची?’ हे उत्तर पिकअपच्या पोलादी पुलीला एखाद वेळी चालेल, तेही प्रेसवर आणि बाहेरच्या रिंगेवरच दाब देऊन. आतल्या रिंगेवर हातोडी पडली की गोळ्यांचे ठसे रेसवर उमटतात आणि नवे बेअरिंग डब्यातून बाहेर येताच जुने होते. नायलॉनच्या पुलीत बेअरिंग ठोकायचा तर विचारही करू नये. सुपरचार्जरच्या बेल्टवर पूर्ण पुलीच बदलावी, यावर आमचे मत पक्के आहे.

आता तपासणी. बहुतेकजण आवाजाची वाट बघतात आणि तिथेच फसतात. आवाज येतो तोवर ग्रीस संपलेले असते. बेल्ट काढल्यावर प्रत्येक पुली बोटाने फिरवा. चांगली पुली जरा जड वाटते आणि लवकर थांबते, कारण आतले ग्रीस तिला धरते. सुटी, मोकळी, भिंगरीसारखी फिरत राहणारी पुली बघून नवखा मेकॅनिक म्हणतो, ‘एकदम फ्री आहे, मस्त!’ बहुधा तीच कोरडी झालेली असते. मग कडेला धरून हलवा, खेळ लागतो का बघा. बेल्टच्या पाठीवर चालणाऱ्या सपाट पुलीचा चेहरा नखाने तपासा. मध्ये खळगा पडला असेल तर बेल्ट तिथे बसून एका बाजूला ओढतो. चालू इंजिनावर चिवचिव येत असेल तर बेल्टच्या रेषांवर थोडे पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली रेषेत नाही; आवाज वाढला तर ताण कमी आहे. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचे असेल तर टोक ब्रॅकेटवर किंवा स्थिर बोल्टच्या डोक्यावर टेकवा, फिरत्या पुलीवर नाही. काही इंजिनांत आयडलरचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो. पान्याला पाइप लावण्याआधी मॅन्युअल उघडा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधले आटे निघून येतील आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाईल.

एक सवय मात्र आपल्या भागातून हद्दपार व्हायला हवी: सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर डिझेल मारणे. चिखलाची गाडी आली की आधी डिझेलचा फवारा, मग प्रेशर पंपाचे पाणी, मग हवा. इंजिन चमकते. पण डिझेल सीलच्या ओठातून आत शिरते आणि ग्रीस पातळ करते. बेल्टचे ईपीडीएम रबर त्याने फुगते. पाठोपाठ प्रेशरचे पाणी उरलेली धूळ बेअरिंगमध्ये ढकलते. पुलीच्या बाजूला फवारा धरणारा पोऱ्या दोषी नाही. त्याला तसेच शिकवले गेले आहे. शिकवणाऱ्यांनी आता थांबावे. पुलीकडची बाजू कापडाने आणि ब्रशने पुसायला जो वेळ जातो, तो गिऱ्हाइकाकडून मागून घ्या.

खोडदच्या वाचकांना बेअरिंगचा विचार करायला आणखी एक नमुना रोज समोर दिसतो. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना परिसरात पसरलेल्या आहेत. प्रत्येक डिश १५ मीटर उंच काँक्रीटच्या मनोऱ्यावर, ३.६ मीटर व्यासाच्या एकाच मोठ्या बेअरिंगवर आडवी फिरते. तिचा सर्वाधिक वेग मिनिटाला ३० अंश, म्हणजे पूर्ण फेऱ्याला १२ मिनिटे. तेवढ्या वेळात ३,००० आरपीएमला चाललेल्या आपल्या गाडीचा आयडलर ८२,००० हून जास्त फेरे मारतो. थकव्याचा हिशोब फेऱ्यांनी होतो, त्यामुळे टनांचे वजन सोसणाऱ्या त्या बेअरिंगची चिंता वेगळी आणि मुठीत मावणाऱ्या तुमच्या बेअरिंगची वेगळी. तिथली दुसरी युक्ती तर टेन्शनर समजावून सांगायला फार उपयोगी आहे. एका अक्षावर दोन मोटारी असतात आणि त्या एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून धरतात, म्हणजे गिअरच्या दातांतला खेळ निघून जातो आणि वाऱ्यात डिश हलत नाही. सतत थोडा ताण ठेवून खेळ काढणे हेच टेन्शनरच्या स्प्रिंगचे काम. ती स्प्रिंग थकली की बेल्ट फडफडतो आणि तो फटका आयडलरवर बसतो, म्हणून दोघांना एकत्र तपासायचे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. पोरांना घेऊन जालच, तर अँटेनाच्या ड्राइव्हबद्दल तिथल्या इंजिनिअरांना जरूर विचारा.

तिथून जवळ राहणाऱ्या मेकॅनिकांवर एक जादा जबाबदारीही आहे. जुन्या पेट्रोल गाडीच्या, मोटरसायकलच्या प्रत्येक ठिणगीतून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत रेडिओ गोंगाट पसरतो, आणि दुर्बीण ऐकते ते याच पट्ट्यात. प्लगच्या नंबरात ‘आर’ असेल तर तोच नंबर परत टाका. रेझिस्टर असलेली कॅप किंवा वायर काढून साधी लावू नका.

राहिला प्रश्न पैशांचा. गिऱ्हाईक म्हणणार, ‘फक्त बेल्ट सांगितला होता.’ त्याला जुनी पुली हातात द्या आणि फिरवायला लावा. बेल्ट उतरलेलाच आहे, मजुरी पुन्हा लागणार नाही, हे कागदावर लिहून दाखवा. आयडलर अडकून माळशेजच्या चढावर बेल्ट तुटला तर त्याच बेल्टवर चालणारा वॉटर पंप थांबतो, इंजिन तापते आणि हेड गॅस्केटचे बिल आयडलरच्या कितीतरी पट येते. एवढे ऐकूनही तो नाही म्हणाला तर जॉब कार्डवर ‘आयडलर बदलण्यास नकार’ लिहून त्याची सही घ्या. हे कडक वाटेल, पण परत आलेल्या गाडीचा वाद तिथेच मिटतो.

या अंकासोबत एक छापील कार्ड दिले आहे. काढलेल्या प्रत्येक आयडलरसाठी त्यावर चार गोष्टी भरा: गाडी आणि इंजिन, बेअरिंगवरचा नंबर, किती किलोमीटरला निघाला, आणि इंजिनावर डिझेल मारले जात होते की नाही. कार्डे दिवाळीपूर्वी आमच्याकडे पोहोचावीत. सुपरचार्ज्ड गाड्यांची तर हवीतच, पण टोमॅटोच्या पिकअपची आली नाहीत तर आमचा हिशोब अर्धाच राहील.