सक्तीच्या शाळेवरचे देणे

शालेय आरोग्यसेवा म्हणजे शाळकरी मुलांची नियमित तपासणी, आढळलेल्या दोषांवर उपचार आणि शाळेच्या आवारातच चालणारे रोगप्रतिबंधाचे काम. ही सेवा अनावश्यक ठरवणारा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. शाळेने शिकवावे, दवाखान्याने बरे करावे, मुलाच्या प्रकृतीची काळजी आईबापांनी वाहावी, ही कामाची वाटणी ठरलेली आहे. त्यात बडोद्याच्या गोत्रीसारख्या भागात तर 2011 पासून गुजरात मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च सोसायटीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सरकारी रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, मग महापालिकेच्या शाळांवर हा वेगळा बोजा कशासाठी, असे आक्षेपक विचारतात.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे आजारी माणसाला आपण आजारी असल्याचे कळते. मुलांच्या बाबतीत हेच खरे नसते. जन्मापासून धूसर दिसणाऱ्या मुलाला इतरांना फळा स्पष्ट दिसतो याची कल्पनाच नसते, त्यामुळे ते तक्रार करत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळवते. रक्तक्षयाचेही तसेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) गुजरातमधील 15 ते 19 वयोगटातील शंभरपैकी सुमारे 69 मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. जिथे दहापैकी सात मुलींना रक्तक्षय असतो तिथे धाप लागणे हेच स्वाभाविक मानले जाते आणि कोणीही दवाखान्याची पायरी चढत नाही. शिवाय रोजंदारीवरच्या आईला मुलीला बाह्यरुग्ण विभागात नेण्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते, ते अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

याहून मोठे उत्तर बडोद्याच्या इतिहासात आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी 1893 मध्ये संस्थानातील अमरेलीत प्रयोग करून 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि 1909 मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तिथून मानला जातो; सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही नोंद देशभरचे वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात. इंग्लंडमध्ये 1880 ची सक्ती आणि 1907 चा तपासणीचा कायदा यांत सत्तावीस वर्षे गेली, बडोद्यात तीन. (बडोद्याला इंग्लंडचा धडा आयता मिळाला होता, हे खरे.) दोन्हीकडे क्रम तोच आहे, आणि त्यामागील तर्क आजही टिकणारा आहे: जे शासन कायद्याने मुलाला दिवसातले पाच-सहा तास एका खोलीत बसवते, त्याच्यावर त्या तासांत मुलाला दिसते का, ऐकू येते का आणि शेजाऱ्याची खरूज त्याला लागते का, हे पाहण्याची जबाबदारी आपोआप येते. 2010 पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयोगटासाठी हेच बंधन देशभर घातले आहे, तेव्हा ही सेवा शाळेचा बोजा नसून सक्तीबरोबर आलेले देणे ठरते. बडोद्यातल्या आरंभानंतरही देशभर ते फेडण्यात दिरंगाई किती झाली याची साक्ष देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालात मिळते, कारण शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे मत त्या समितीने नोंदवले.

दुसरा आक्षेप असा की हे सारे आता होतेच आहे. गुजरातेत शाळा आरोग्य तपासणीचा कार्यक्रम 1997 पासून चालतो, आणि 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आयुष डॉक्टर (म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा पद्धतींचे पदवीधर), परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक शाळेत येते. या कार्यक्रमाचे यश नाकारणे अन्यायाचे होईल. हृदयाला जन्मजात छिद्र असलेल्या मुलांवर अहमदाबादच्या यू. एन. मेहता संस्थेत विनामूल्य शस्त्रक्रिया होतात, हे लहान काम नाही. परंतु पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि रोग मात्र वर्षभर वावरतात. खरजेचे उदाहरण घ्यावे. तपासणीत एका मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसले, त्याला मलम दिले, कार्डावर खूण झाली. पण त्याच वेळी घरातल्या सर्वांनी मलम लावले नाही आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुतले गेले नाहीत, तर महिन्याभरात तीच खरूज परत येते आणि वर्गात पसरते. डेंग्यूचा डास दिवसा, म्हणजे शाळेच्या वेळेतच चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून तयार होतो, तेव्हा पाण्याची टाकी वार्षिक भेटीत पाहून काय साधणार? ती आठवड्याला पाहावी लागते, आणि ते काम शाळेतच असणाऱ्या माणसाचे आहे.

तिसरा आक्षेप, म्हणजे अशा सेवेचा उपयोग पुराव्यांत दिसत नाही हा, अभ्यासकांकडून येतो आणि तो खरोखर वजनदार आहे. कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेला सरसकट जंतनाशक गोळ्या देण्याने मुलांच्या सरासरी वजनात, हिमोग्लोबिनमध्ये किंवा अभ्यासात फारसा फरक पडल्याचे आढळले नाही. हा निष्कर्ष मान्य करूनही त्यातून निघणारे अनुमान उलटे आहे. गोळी पोटातले जंत मारते, पण जिथे हात धुवायला साबण नाही तिथे काही महिन्यांत ते पुन्हा होतात; म्हणून हा पुरावा फार तर एकट्या गोळीच्या विरुद्ध जातो, शालेय आरोग्यसेवेच्या विरुद्ध नाही, उलट शौचालय, पाणी आणि साबण यांच्या बाजूने जातो. शाळेत दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचेही असेच आहे: ती वाटणे सोपे, पण मुलीने ती जेवणानंतर, शिक्षिकेसमोर गिळावी आणि मळमळ झाली म्हणून पुढच्या आठवड्यात टाळू नये, याकडे कोणीतरी लक्ष ठेवावे लागते.

तेव्हा मागणी नव्या योजनेची नाही. 2020 पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची तरतूद आहेच. त्यांच्या जोडीला गोत्रीतील शाळांच्या गटासाठी एक कायमची परिचारिका द्यावी, आणि तपासणीत सापडलेले मूल रुग्णालयात पोहोचले की नाही, चष्मा मिळाला की नाही आणि मिळालेला चष्मा ते वापरते की दप्तरात ठेवते, याचा पाठपुरावा तिच्याकडे सोपवावा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यक विभागाला याहून जवळचे कार्यक्षेत्र मिळणार नाही. महापालिकेच्या शाळा चालवणाऱ्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने दरवर्षी शाळेच्या फलकावर दोनच आकडे लिहावेत: दोष आढळलेली मुले किती आणि उपचार पूर्ण झालेली किती. पालकांनी शाळेच्या सभेत पहिला प्रश्न दुसऱ्या आकड्याविषयी विचारावा.