फुंकर नाकारणारे सज्जन

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं जेवणास गेलों होतों. पेले रिकामे होत असतां एका तरुण वकिलानें उपदेश केला कीं, रात्रीं पोलिसांनीं मोटार अडवून यंत्रांत फुंकावयास सांगितलें तर सरळ नाहीं म्हणावें. फुंकलेंच नाहीं तर पुरावा कुठला? मंडळींनीं माना डोलविल्या. त्यांत दोन प्राध्यापकहि होते.

वकिलाचें म्हणणें सर्वस्वीं खोटें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २०३ व्या कलमाप्रमाणें, चालकानें मद्य घेतल्याचा सकारण संशय असून तो श्वासाची चाचणी नाकारील, तर त्यास वॉरंटावांचून अटक करतां येते. पुढें २०४ व्या कलमान्वयें ठाण्यावर त्याच्याकडे रक्ताचा नमुना मागतां येतो. तोहि नाकारला तर? २०५ वें कलम एवढेंच म्हणतें कीं, सबळ कारण दाखविलें नसल्यास तो नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्यास पोषक मानतां येईल. पोषक! म्हणजे मुळांत पुरावा हवाच. आणि १८५ व्या कलमाखालीं गुन्हा होतो तो १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क चाचणींत आढळला तर. तोंडाचा वास व हवालदाराची साक्ष यांतून हा आंकडा कसा निघावा? २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्याचा २,००० रुपयांपर्यंतचा दंड १०,००० वर नेला. ही पळवाट मात्र तशीच राहिली. जो निमूटपणें फुंकतो तो दंड भरतो. जो अरेरावी करतो तो सुटण्याची आशा बाळगतो. विलायतेंत वाजवी सबबीवांचून नमुना न देणें हाच स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गाडी चालविणारावर तो शाबीत झाल्यास सामान्यतः निदान १२ महिने त्याचा परवाना जातो. आमच्याकडे तसें कां नसावें?

यावर आमचे सुशिक्षित लोक घटनेचा २० वा अनुच्छेद पुढें करतात: स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाहीं. तो अनुच्छेद मलाहि प्रिय आहे. परंतु १९६१ सालीं मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनीं बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणें म्हणजे अशी साक्ष नव्हे, असा निर्णय दिला. साक्ष म्हणजे मनांतलें सांगणें. छातींतली हवा केवळ मोजली जाते. सुई टोचून रक्त काढणें ही गोष्ट निराळी, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१६ मध्यें श्वास व रक्त यांत जो भेद केला तो मला मान्य आहे.

यंत्रें बिघडतात, पोलीस चिरीमिरी मागतात, हा आक्षेप मात्र मी हंसण्यावारी नेणार नाहीं. यंत्राच्या तपासणीची तारीख दाखविलीच पाहिजे, छापील पावती दिलीच पाहिजे, आणि चालकानें मागितल्यास दुसरी चाचणीहि झाली पाहिजे. दम्याच्या रोग्यास फुंकतां येत नसेल तर त्याची सबब ऐकावी. पण ज्यास फुंकतां येतें आणि फुंकावयाचें नाहीं, त्याच्यासाठीं कायद्यानें एवढी अदब कां राखावी?

त्या रात्रीं साडेअकराच्या सुमारास वकीलसाहेब स्वतःच मोटार हांकीत घरीं गेले. मागच्या बैठकीवर त्यांचीं दोन मुलें झोंपलीं होतीं. फाटकापर्यंत पोंचवावयास आम्ही सारेच गेलों होतों. किल्ली मागण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं, मलाहि नाहीं.