काळ्या कव्हराच्या आत काय आहे?

फेब्रुवारी संपत आला की वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा. काउंटरवर काळ्या कव्हराच्या जाडजूड पुस्तकांची थप्पी लागलेली असते. वर सोनेरी अक्षरांत प्रोजेक्टचं नाव, खाली तीन-चार मुलांची नावं, मग गाईड, कॉलेज, साल. हीच ती ‘ब्लॅक बुक’. तुम्ही बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर सायन्स किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर तुमचीही एक त्या थप्पीत असेल, नाहीतर लवकरच जाईल.

मागच्या आठवड्यात मी इंटर्नशिपच्या कागदांची झेरॉक्स काढायला गेले होते. बाइंडिंगसाठी ठेवलेल्या दोन ब्लॅक बुक्सवर नजर गेली. कॉलेजं वेगळी, मुलं वेगळी, प्रोजेक्टचं नाव मात्र एकच. तेही स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट! दुकानातले काका हसून म्हणाले, ‘यंदाचं हे चौथं.’

मी मास कॉमची. मला कोडिंग येत नाही. पण एवढं कळतं की चार ग्रुप्सना एकच चूक स्वतःहून सुचत नाही.

रेडीमेड प्रोजेक्टचा बाजार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. काही हजार रुपये द्या. कोड, रिपोर्ट, पीपीटी आणि ‘व्हायवाला हे विचारतील’ अशी प्रश्नांची यादी, सगळं एका फोल्डरमध्ये मिळतं. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, फेस रेकग्निशन अटेंडन्स. वर्षानुवर्षं त्याच नावांवर फक्त नवीन कव्हर चढतं.

यावर ‘आजची पिढी आळशी’ असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. मला ते पटत नाही. आपल्या भागातली कितीतरी मुलं सकाळी विरार लोकलला लटकून अंधेरी-वांद्र्याच्या कॉलेजला जातात आणि संध्याकाळी तशीच परत येतात. त्यात प्लेसमेंटची तयारी, कुणाची पार्टटाइम नोकरी. ग्रुपची मीटिंग होते ती ट्रेनमध्ये, तीही जागा मिळाली तर. एका गाईडकडे इतके ग्रुप्स असतात की सरांना सिनॉप्सिसवर सही करण्यापलीकडे वेळ नसतो. मुंबई विद्यापीठाच्या बी.ई.ला हा मेजर प्रोजेक्ट सातव्या आणि आठव्या अशा दोन सेमिस्टरमध्ये विभागलेला आहे. कागदावर वर्षभराचं काम आहे. प्रत्यक्षात पहिलं सेमिस्टर ‘टॉपिक काय घ्यायचा’ यातच जातं आणि दुसऱ्यात धावाधाव सुरू होते.

म्हणजे चूक एकट्या मुलांची नाही. पण नुकसान मात्र मुलांचंच होतं.

माझ्या शाळेतल्या एका मित्राने असाच प्रोजेक्ट विकत घेतला होता. व्हायवा बरा गेला, मार्कही मिळाले. तीन महिन्यांनी एका इंटरव्ह्यूत त्याला साधा प्रश्न आला, ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये युजरचा पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय?’ त्याला माहीतच नव्हतं. तो अंदाजाने काहीतरी बोलला. पुढचा प्रश्न आला, ‘यातला तुम्ही केलेला भाग कोणता?’ तो मला नंतर म्हणाला, ‘उत्तर येत नव्हतं त्याचं काही नाही गं. आपला भाग कुठला, हेच सांगता येत नव्हतं, त्याची लाज वाटली.’ त्याच्या रिझ्युमेवर दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

आता तर पैसेही लागत नाहीत. चॅटजीपीटीला सांगितलं की अख्खा कोड समोर. वापरू नका, असं मी म्हणणार नाही. मीही मथळे सुचवायला वापरते. पण एक नियम स्वतःला घालून घ्या. ज्या ओळीचा अर्थ शेजारी बसलेल्या मित्राला समजावता येत नाही, ती ओळ प्रोजेक्टमध्ये राहणार नाही. कोड गिटवर ठेवा आणि रोजचा बदल रोज टाका. कोणी कधी काय केलं, याचा हिशेब आपोआप राहतो.

मग टॉपिक कुठून आणायचा? माझं म्हणणं, घराबाहेर पडा आणि आजूबाजूला बघा.

मशीन लर्निंग शिकताना तुम्ही ‘आयरिस’चा डेटासेट वापरलाच असेल. तीन जातींची १५० फुलं, मोजमापं १९३६च्या एका शोधनिबंधात छापलेली. शिकायला ते उत्तम आहे. पण वसईच्या वाड्यांमधून मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जातो. कुठल्या दिवशी काय भाव मिळाला, याची नोंद किती जणांकडे असेल? एक महिना चार बागायतदारांकडून रोजचा भाव लिहून घेतलात, तरी तो तुमचा स्वतःचा डेटा. तो डाउनलोड करून मिळणार नाही.

किंवा पाणी घ्या. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले आणि लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफला बोटीने बाहेर काढावं लागलं. तुमच्यापैकी अनेकांना तो आठवडा आठवत असेल. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की खाडीकडे जाणारं पाणी तुंबतं, हे इथल्या कुठल्याही आजोबांना ठाऊक आहे. भरतीच्या वेळा आधीच ठरलेल्या असतात. पावसाचा अंदाज हवामान खातं देतं. तिसरी गोष्ट लोकांकडून घ्यायची. आपल्या गल्लीत पाणी घोट्यापर्यंत आहे, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, एवढंच एका बटणावर. या तीन गोष्टी एका नकाशावर आणणारं साधं पान बनवलंत, तर त्याला मशीन लर्निंग लागेलच असं नाही. पण पावसाळ्यात तुमची आई ते उघडून बघेल.

आपल्याकडची बावखलं घ्या. वसईतली ही गोड्या पाण्याची जुनी तळी किती उरली, किती बुजली? ओपनस्ट्रीटमॅपवर एका गावातली जरी नीट टिपलीत, तरी ते काम तुमच्यानंतरही राहील. किंवा कादोडी बोली. घरी आजी बोलते, तुम्हाला समजते, पण बोलता येत नाही, अशी कितीतरी घरं आहेत. आजीच्या आवाजातले तीनशे शब्द रेकॉर्ड करून शोधता येतील असं छोटं अ‍ॅप करा. एक्स्टर्नलने आजवर असं काही पाहिलेलं नसेल.

‘एवढंसं? हे प्रोजेक्ट म्हणून चालेल?’ असं वाटत असेल, तर तुमच्या फोनमधलं एम-इंडिकेटर उघडा. सचिन टेके यांनी बनवलेलं हे अ‍ॅप सुरुवातीला साध्या जावा फोनवर चालायचं. काम काय, तर लोकलचं टाइमटेबल खिशात देणं. पण ती गरज रोजची आणि खरी होती. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्स लिहायला घेतलं तेही स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी, हौस म्हणून. १९९७ मध्ये त्याचा मास्टर्सचा प्रबंधही त्यावरच होता. सगळ्यांचं लिनक्स होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण दोन्हीची सुरुवात स्वतःच्या अडचणीपासून झाली.

आता एक कडू गोष्ट. चार जणांच्या ग्रुपमध्ये एक जण कोड लिहितो, एक जण बाइंडिंगचे पैसे देतो, एक जण फक्त व्हायवाला उगवतो. आणि ग्रुपमध्ये मुलगी असेल तर? ‘तुझं अक्षर छान आहे, तू डॉक्युमेंटेशन कर.’ माझ्या किमान तीन मैत्रिणींनी हे ऐकलंय. ब्लॅक बुक तर टाइप करतात, अक्षराचा संबंध काय? मुलींनो, पहिल्याच मीटिंगला एक मॉड्यूल स्वतःच्या नावावर मागून घ्या. मुलांनो, त्यांनी मागायची वाट बघू नका.

कॉलेजांनाही सांगायचंय. काम न करणारा पण स्वतः केलेला प्रोजेक्ट आणि गुळगुळीत चालणारा विकतचा प्रोजेक्ट, यात आज दुसऱ्याला जास्त मार्क मिळतात. मग मुलं काय निवडणार? रिपोर्टमध्ये ‘काय जमलं नाही आणि का’ हे एक प्रकरण सक्तीचं करा आणि त्याला मार्क द्या. दर महिन्याला दहा मिनिटं, स्क्रीनवर कोड उघडून, प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. विकतच्या प्रोजेक्टला एवढंही झेपत नाही.

तुमचं सबमिशन जवळ आलं असेल आणि हातात अजून काहीच नसेल, तरी घाबरू नका. दहा फीचर्सचा हट्ट सोडा. एकच फीचर घ्या, पण पूर्ण करा. लॉगिन पेजचे रंग नंतर बघू.

आणि आज रात्री ग्रुपवर मीम टाकायच्या आधी एकच मेसेज टाका, ‘यात माझा भाग कोणता?’ चौघांची चार उत्तरं आली, तर प्रोजेक्ट तुमचा आहे, खुशाल बाइंडिंगला द्या. एखाद्याचं उत्तर आलंच नाही, तर उद्याच्या ट्रेनमध्ये त्याच्या शेजारी बसा. विरारपासून अंधेरीपर्यंत भरपूर वेळ मिळतो.