करार राज्यांचा, मर्जी गव्हर्नरांची

मार्च २००१मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी क्योटो करार धुडकावून लावला, तेव्हा जगाला उठता-बसता उपदेश करणाऱ्या या महासत्तेचा दुटप्पीपणा पुरता उघडा पडला. मात्र त्याच देशात, बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे न्यूयॉर्कचे गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी २००३मध्ये शेजारच्या राज्यांना पत्रे पाठवली आणि वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला एकत्रितपणे मर्यादा घालण्याचे आवाहन केले. (तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखे नियुक्त नसतात, ते जनतेने निवडून दिलेले असतात.) डिसेंबर २००५मध्ये ईशान्येकडील सात राज्यांनी सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या.

योजना साधी होती. सर्वांनी मिळून वार्षिक उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवायची. कोळसा, तेल वा वायू जाळणाऱ्या मोठ्या वीजकेंद्राने हवेत सोडलेल्या प्रत्येक टनामागे एक परवाना घ्यायचा. हे परवाने फुकट न वाटता लिलावात विकायचे आणि मर्यादा क्रमाक्रमाने खाली आणायची. सप्टेंबर २००८च्या पहिल्या लिलावात परवान्याला अवघे ३ डॉलर ७ सेंट मिळाले. त्या पैशांचा मोठा भाग घरे व कारखाने यांतील विजेचा अपव्यय थांबवण्यासाठी वापरण्यात आला. २००५च्या तुलनेत या राज्यांतील वीजकेंद्रांचे उत्सर्जन आज जवळपास निम्म्यावर आले आहे. याचे सारे श्रेय कराराला देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्याच काळात स्वस्त नैसर्गिक वायूने कोळशाची जागा घेतली. शिवाय वीज राज्यांच्या सीमा मानत नाही. एका राज्याने आपल्या धुराड्यांना लगाम घातला, तरी त्याच जाळ्यातील शेजाऱ्याची कोळशाची वीज तारांवाटे येतच राहते.

पण खरे दुखणे वेगळेच आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी २००५मध्ये ऐन स्वाक्षरीच्या तोंडावर माघार घेतली. २००७मध्ये त्यांचे उत्तराधिकारी डेव्हल पॅट्रिक यांनी राज्याला पुन्हा करारात आणले. २०११च्या अखेरीस क्रिस ख्रिस्ती यांनी न्यू जर्सीला बाहेर काढले, आणि ते राज्य २०२०मध्ये परतले. वीजकेंद्राची आखणी तीस-चाळीस वर्षांचा विचार करून होते. गव्हर्नर बहुतेक राज्यांत चार वर्षांसाठी निवडला जातो. मग गुंतवणूकदाराने भरवसा ठेवायचा तो कोणावर?

व्हर्जिनियाने २०२०मध्ये रीतसर कायदा केला आणि लिलावाचे उत्पन्न पूरनिवारणासाठी व गरीब कुटुंबांच्या घरांतील ऊर्जाबचतीसाठी राखून ठेवले. वीजबिल वाढते, असा आक्षेप घेत गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी २०२३च्या अखेरीस राज्याला बाहेर नेले. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, परवान्याची किंमत शेवटी ग्राहकाच्याच माथी येते. परंतु विधिमंडळाने केलेला कायदा प्रशासकीय नियमाने मोडता येत नाही, असा निर्वाळा तेथील न्यायालयाने २०२४मध्ये दिला. कायदा होता, म्हणूनच दाद मागता आली.

पेनसिल्व्हेनियाची कथा नेमकी उलट. कोळसा आणि वायू यांवर पोसलेले हे राज्य मोठा वीजनिर्यातदार. ते सामील झाले असते, तर शेजारच्या राज्यांत येणाऱ्या विजेचा प्रश्न बराचसा सुटला असता. परंतु २०१९मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी विधिमंडळाला डावलून केवळ आदेश काढला. परवान्याचा पैसा हा कर आहे आणि कर बसवण्याचा अधिकार विधिमंडळाचा, असे सांगून न्यायालयाने २०२३मध्ये ते नियम रद्द ठरवले. अपील प्रलंबित असतानाच, चार महिन्यांहून अधिक रखडलेला अर्थसंकल्प मार्गी लावण्यासाठी वुल्फ यांच्याच पक्षाचे गव्हर्नर जोश शपिरो यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये करारावर पाणी सोडले.